कुत्रं एकटं राहत नाही. सोबतीला दुसरं आणल्याने फरक पडेल का?

दरवर्षी जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडल्या की मला एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. दोन महिने पोरं घरी होती, कुत्र्याच्या आजूबाजूला सतत कोणीतरी होतं. आता पोरं शाळेत, आईबाबा ऑफिसात, आणि शेजारच्या काकूंचा निरोप येतो की तुमचं कुत्रं दुपारभर रडत असतं. त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला असतो: "ताई, त्याला सोबत म्हणून अजून एक आणू का?"

मी घरोघरी जाऊन कुत्र्यांच्या वागण्याच्या तक्रारी बघते आणि सगळ्यात जास्त वेळा हीच तक्रार सोडवत आले आहे. उत्तर आधीच सांगून टाकते. बहुतेक घरांत दुसऱ्या कुत्र्याने हा त्रास जात नाही. थोड्या घरांत जातो. तुमचं घर त्या थोड्यांतलं आहे का, हे दुसरं कुत्रं घरी न आणताही तपासता येतं. पण तिथवर पोचायच्या आधी बिनखर्चाच्या बऱ्याच गोष्टी आहेत, त्या क्रमाने करा.

लक्षणं

त्रास खरंच एकटेपणाचा, म्हणजे ज्याला सगळे सेपरेशन अँक्झायटी म्हणतात तो असेल, तर तुम्ही घरात असताना तो दिसत नाही. तुम्ही गेल्यावर लगेच, बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतो. काही कुत्री तर तुमच्या पावलांचा आवाज जिन्यावरून उतरून संपायच्या आत सुरू करतात. पुढच्यांपैकी दोन-तीन गोष्टी तरी एकत्र दिसायला हव्यात:

- बाहेर काही घडत नसताना एकसुरी भुंकणं, रडणं, मान वर करून हेल काढणं
- दार, चौकट, सेफ्टी डोअर किंवा खिडकीची जाळी ओरबाडणं. घरातल्या बाकी वस्तूंना मात्र धक्का नाही
- एरवी बाहेरच शी-शू करणाऱ्या कुत्र्याने घरात करणं
- छाती आणि पुढचे पाय ओले होतील इतकी लाळ
- एकाच वाटेने न थांबता येरझारा
- आवडता खाऊ समोर असून तोंड न लावणं, आणि तुम्ही परतलात की तोच खाऊ अधाशासारखा संपवणं
- तुम्ही निघायची तयारी सुरू केली की मागे-मागे फिरणं, थरथरणं, धाप लागणं

नुसती चप्पल चावलेली सापडली म्हणून हे नाव देऊ नका. दात येणारं पिल्लू चप्पल चावणारच.

सगळ्यात आधी रेकॉर्डिंग

घरातला जुना मोबाइल टीव्हीच्या कपाटावर, मुख्य दार दिसेल असा ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि नेहमीसारखे निघून जा. चाळीस मिनिटं पुरेत. कोणाच्याही घरी जायच्या आधी मी हे मागतेच, कारण शेजाऱ्यांकडून "दिवसभर भुंकतं" एवढंच कळतं. कशासाठी भुंकतं ते कळत नाही, आणि प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे.

तुम्ही गेल्यावर कुत्रं तासभर झोपलं आणि मग उठून उशी फाडत बसलं, तर ते कंटाळलंय. सकाळचं फिरणं वाढवा, वास घेत-घेत हळू चालू द्या, जाताना चघळायला काहीतरी ठेवा. घंटागाडी आली, भाजीवाला ओरडला, खालून दुसरं कुत्रं गेलं की भुंकतं आणि मग गप्प होतं, तर ती राखण आहे. खिडकीला खालपर्यंत पडदा लावला तरी अर्धं काम होतं. मृगाच्या गडगडाटाला किंवा दिवाळीच्या फटाक्यांना घाबरणारं कुत्रं तुम्ही घरात असतानाही दिवाणाखाली शिरतं. ती आवाजाची भीती आहे आणि तिची वाट वेगळी आहे. नर कुत्रं सोफ्याच्या कोपऱ्यांवर पाय वर करून थोडं-थोडं करत असेल, तर ते हद्द आखतंय.

दार बंद झाल्यापासून काही मिनिटांत कुत्रं दाराशी गेलं आणि तिथून हललंच नाही, आवाज आणि धाप वाढतच गेली, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. रेकॉर्डिंग पुसू नका. सुधारणा मोजायला तेच लागणार आहे, आणि डॉक्टरांना दाखवायलाही.

ऊन आणि कूलर

नागपुरात ही तपासणी टाळता येत नाही. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंशांची नोंद झाली आहे, आणि ४४-४५ तर आपल्याला दरवर्षीचे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धाप टाकूनच अंग थंड करतं. बंद फ्लॅटमध्ये घाबरून तास-तासभर येरझारा घालणारं कुत्रं स्वतःच्या अंगातली उष्णता वाढवत जातं, आणि बाहेरून आपल्याला वाटतं की नुसतं रडतंय. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना याचा धोका सगळ्यात जास्त.

म्हणून पश्चिमेची खोली आणि गॅलरी नको. घरातली सगळ्यात थंड फरशी कुठली ते बघा, तिथे त्याची जागा करा. पाण्याचं भांडं जड हवं, म्हणजे गडबडीत उलटणार नाही.

कूलरकडे मात्र नीट बघा. कूलरची घरघर कामाची असते, जिन्यावरचे आणि लिफ्टचे आवाज ती झाकते, त्यामुळे काही कुत्री खरंच कमी दचकतात. पण खिडकीतला कूलर हा घाबरलेल्या कुत्र्याला बाहेर पडायचा रस्ता वाटतो. ते त्यावर चढतं, गवताच्या जाळ्या ओढतं, वायरला दात लावतं. टाकीत पाणी, खाली ओली फरशी. कूलरच्या शॉकच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. कूलर ग्रिलच्या बाहेरून बसवा, वायर पाइपमधून घ्या, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. हे होईपर्यंत त्या खोलीत कुत्र्याला एकटं सोडू नका.

मार, साखळी, पिंजरा

घरी आल्यावर रागावणं आजपासून बंद. "त्याला कळतं हो, बघा कसा कान पाडून बसतो!" हे मी जवळपास प्रत्येक घरी ऐकते. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली नेमकं हेच तपासलं होतं. अपराधी वाटणारा तो चेहरा कुत्र्याने चूक केली आहे की नाही यावर ठरत नाही, मालक रागावतोय का यावर ठरतो, असं त्यात दिसलं. म्हणजे कुत्र्याला एवढंच कळतं की तुम्ही परतलात की ओरडा बसतो. मग तुमचं जाणं भीतीचं होतंच, येणंही भीतीचं होतं.

भुंकल्यावर झटका देणारे पट्टे घेऊ नका. आवाज दाबला जातो, घाबरणं तसंच राहतं आणि ते पंजे नाहीतर दातांतून बाहेर पडतं.

दिवसभर साखळीला बांधणं हा उपाय नाही. जनावराला अवाजवी वेळ बांधून ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही बसत नाही. पिंजऱ्याबद्दल एवढंच म्हणेन की आधी रेकॉर्ड करून बघा. ज्याला लहानपणापासून सवय आहे ते कुत्रं त्यात शांत झोपतं. एकटेपणाने घाबरणाऱ्यांतली बरीच कुत्री मात्र पिंजऱ्यात जास्त बिथरतात, सळ्या चावून दात तोडून घेतात.

दुखणं नाही ना?

इथे पहिल्यांदा पैसे लागतात, पण पुढे दिलेला सराव महिनाभर करून मग आजार निघण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. घरात शू होत असेल तर लघवी तपासा. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मधुमेह असेल तर कितीही शिकवलं तरी शू थांबणार नाही. आपल्याकडे गोचीडताप सर्रास आहे. त्यात कुत्रं मलूल होतं, चिकटून राहतं, आणि घरच्यांना वाटतं लाडावलंय. म्हाताऱ्या कुत्र्याला हा त्रास अचानक सुरू झाला तर सांधेदुखी, कमी दिसणं-ऐकणं आणि वयामुळे होणारा विसराळूपणा हे आधी तपासायचं. रात्री उठून भिंतीकडे बघत उभं राहणारं म्हातारं कुत्रं दुपारी एकटं राहू शकत नाही, यात नवल नाही.

जवळचे डॉक्टर चालतील. अजून तपासण्या लागल्या तर सेमिनरी हिल्सचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९५८ पासूनची संस्था, तिथे शिक्षणासोबत दवाखानाही चालतो.

कोणाशिवाय राहवत नाही?

दुसऱ्या कुत्र्याच्या प्रश्नाला सगळ्यात जवळची तपासणी ही, आणि लोक नेमकी हीच करत नाहीत. खर्च शून्य आहे.

एखाद्या दुपारी ओळखीचं माणूस घरी बोलवा: आत्या, शेजारच्या काकू, कॉलेजातला भाचा. त्यांना सोफ्यावर नुसतं बसायला सांगा. खेळवायचं नाही, खाऊ द्यायचा नाही. तुम्ही निघून जा, मोबाइल रेकॉर्ड करत राहू द्या.

कुत्रं दाराशी दोन मिनिटं थांबलं, मग येऊन काकूंच्या पायाशी पडलं, तर त्याला कोणीतरी हवं आहे, तुम्हीच हवेत असं नाही. ही बातमी चांगली आहे. अशा घरांत दुपारची सोय लावून पुष्कळ निभावतं. नागपूरच्या महाल, इतवारी अशा जुन्या भागांत एकत्र कुटुंबाच्या घरात ही तक्रार क्वचित येते, कारण तिथे घर कधी रिकामं होतच नाही.

काकू समोर बसलेल्या असताना कुत्रं तरीही दार ओरबाडत राहिलं, तर त्याचा जीव एका माणसात अडकलेला आहे. समोर दुसरं माणूस असून ज्याचं समाधान होत नाही, त्याचं दुसऱ्या कुत्र्याने होईल याची आशा फार कमी. या उत्तरानंतर मी लोकांना सरळ सांगते की दुसऱ्या कुत्र्याचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि सरावाला लागा.

दुपट्टा, चावी, दार: सराव

खर्च नाही, पण वेळ आणि चिकाटी भरपूर लागते. त्रास मुळातून कमी करणारी गोष्ट हीच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

कुत्र्याची भीती दार बंद झाल्यावर सुरू होत नाही, ती तुमच्या तयारीपासून सुरू होते. तुमच्या घरातली पहिली खूण कुठली ते शोधा. नागपूरच्या उन्हाळ्यात ती बहुतेक वेळा दुपट्टा असते. त्रिमूर्तीनगरातल्या एका ताईंकडे मी हे अगदी समोर बसून पाहिलं. खुंटीवरचा पांढरा दुपट्टा त्यांनी नुसता हातात घेतला आणि बैठकीत पसरलेली त्यांची देशी कुत्री उठून बसली. दुपट्टा डोक्यावरून घेतला, ती उभी राहिली. पहिला वेढा तोंडावर आला तशी तिची जीभ बाहेर आली आणि मागचे पाय थरथरायला लागले. गाडीची चावी अजून टेबलावरच होती.

मग तो दुपट्टा बिनमहत्त्वाचा करायचा. बांधायचा आणि पोहे खात बसायचं. बांधायचा, दोन कपडे घडी करायचे, सोडायचा. चावी खिशात घालून टीव्ही बघायचा. दिवसातून बऱ्याच वेळा, कुत्र्याकडे न बघता. दुपट्टा बघून ते उठेनासं झालं की दाराकडे वळा: कडी काढा, लावा, परत या. मग दाराबाहेर काही सेकंद. मग थोडे जास्त. दर वेळी वाढवतच नेऊ नका. मधूनमधून पुन्हा छोटं करा, म्हणजे प्रत्येक वेळी आधीपेक्षा अवघड होत जातं असं त्याला वाटणार नाही.

एकच नियम काटेकोर पाळा: कुत्रं घाबरायच्या आत परत यायचं. ते रडायला लागेपर्यंत बाहेर थांबलात तर सराव भीतीचा होतो. म्हणून दुसरा मोबाइल घरात व्हिडिओ कॉलवर ठेवा आणि जिन्यात उभं राहून बघा. कान मागे गेले, ओठ चाटायला लागलं, जांभया द्यायला लागलं, दाराखालचा वास घ्यायला लागलं की वेळ संपली. उद्या थोडं कमी.

सराव सुरू आहे तोवर कुत्र्याला खरंखुरं एकटं सोडायचं नाही, आणि लोक इथेच अडतात. सकाळी वीस सेकंदांचा सुंदर सराव आणि दुपारी पाच तास कोंडलेलं, याने काही होत नाही; दुपारची घबराट सकाळचं सगळं पुसून टाकते. आईला महिनाभर बोलवा, नवरा-बायकोच्या शिफ्ट वेगवेगळ्या करता येतात का बघा, शेजारच्या कॉलेजच्या पोराला तुमच्या घरी अभ्यासाला बसवा, डॉग डे-केअर परवडत असेल तर तिथे सोडा. मिहानला किंवा हिंगण्याला कामाला जाणाऱ्यांना हे फार जड जातं, मला माहीत आहे. तरी काही आठवड्यांची ही सोय पुढच्या दहा वर्षांची शांतता देते.

निघताना मोठा निरोप समारंभ नको, आल्यावर उड्याही नकोत. पण घरी असताना कुत्र्याकडे दुर्लक्ष करा, जवळ घेऊ नका, हे जे सांगितलं जातं ते मी सांगत नाही. लाड केल्याने हा त्रास होतो याला आधार नाही.

उसनी सोबत

मागच्या तपासणीत तुमचं कुत्रं काकूंजवळ शांत बसलं असेल, तरच इथे या.

नात्यात, मैत्रीत कोणाकडे शांत, वयाने मोठं, लसीकरण झालेलं कुत्रं असेल तर ते काही तासांसाठी मागा. दोघांची आधी बाहेर भेट घडवा, फुटाळ्याच्या किंवा तुमच्या नेहमीच्या फिरण्याच्या रस्त्यावर थोडा वेळ बरोबरीने चालवा, मग घरी आणा. खाऊ, हाडं, खेळणी उचलून ठेवा. भांडणं यांवरूनच होतात. दोघं एकमेकांशेजारी झोपायला लागेपर्यंत दोन-चार भेटी जाऊ द्या. मगच मोबाइल लावून घराबाहेर पडा, आणि पहिल्यांदा जिन्यापर्यंतच. पाहुण्या कुत्र्याला अनोळखी घरात कोंडून लांब जाऊ नका. त्यालाही भीती वाटते.

मनीषनगरातल्या एका घरी ही पायरी न करता थेट पिल्लू आणलं गेलं होतं. मला रेकॉर्डिंग दाखवलं ते असं: लॅब्राडोर सेफ्टी डोअरला नाक लावून उभा, खाली फरशीवर लाळेचं थारोळं, मधूनमधून पंजा दारावर. तीन हात मागे पिल्लू पाठीवर पडून गाढ झोपलेलं. लॅब्राडोरने तासाभरात एकदाही मागे वळून त्याच्याकडे पाहिलं नाही. घरी माणसं असली की दोघं दिवसभर खेळत, एका पांघरुणावर झोपत. प्रेम होतं, उपयोग नव्हता. पुढे काही महिन्यांनी ते पिल्लूही हेल काढायला शिकलं.

असं का होतं, याचा धागा एका जुन्या प्रयोगात आहे. अमेरिकेत टबर, हेनेसी आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली लहानपणापासून जोडीने वाढलेली कुत्री घेतली. त्यांना अनोळखी जागी चार तास ठेवलं तर जोडीदार सोबत असूनही रक्तातलं ताणाचं संप्रेरक वाढलं. नेहमीचा सांभाळणारा माणूस सोबत असताना तसं वाढलं नाही. आणि ओळखीच्या जागेतून जोडीदाराला चार तास बाजूला नेलं, तर मागे राहिलेल्याला फारसा फरक पडला नाही. हजारो वर्षं माणसाजवळ राहून कुत्र्याचा आधार माणूस झाला आहे. २००१ साली फ्लॅनिगन आणि डॉडमन या संशोधकांनी हा त्रास असलेल्या कुत्र्यांच्या घरांची माहिती तपासली, त्यातही घरात दुसरं जनावर असण्या-नसण्याचा या त्रासाशी संबंध सापडला नाही. एकट्या माणसाच्या घरातल्या कुत्र्यांमध्ये मात्र तो सुमारे अडीचपट आढळला.

तरी काही वेळा उसनी सोबत खरंच काम करते, आणि ते मी आनंदाने सांगते. प्रतापनगरातल्या एका घरी दोन कुत्र्या होत्या. थोरली गेली आणि धाकटी, जी जन्मात कधी एकटी राहिली नव्हती, ती दुपारी रडायला लागली. काकूंसोबत ती शांत बसली. भावाकडच्या म्हाताऱ्या कुत्र्यासोबत ठेवून पाहिलं, तर रेकॉर्डिंगमध्ये दोघं पंख्याखाली आडवी. त्या घराला मी दुसरं कुत्रं आणायला हो म्हटलं. पण तिथेही सराव सोडू नका म्हणून सांगितलं, कारण जिची शांतता जोडीदारावर टेकलेली आहे ती जोडीदार दवाखान्यात राहिला की पुन्हा तिथेच येते.

औषध

औषधाला घाबरू नका, आणि ते स्वतः ठरवूही नका. फ्लुओक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन ही दोन औषधं कुत्र्यांच्या याच त्रासासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सरावासोबत द्यायला मान्य केलेली आहेत. त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून आठवड्यात गुण नाही आला म्हणून बंद करायची नसतात. जे कुत्रं दहा सेकंदही सहन करू शकत नाही, त्याचा सराव सुरूच होत नाही. औषध त्याची भीती इतकी खाली आणतं की शिकायला जागा होते.

एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. आपल्याकडे गोचिडांसाठी अमिट्राझचं पाणी किंवा त्याचा पट्टा सर्रास वापरतात. वरच्या दोन्ही औषधांसोबत अमिट्राझ चालत नाही, धोक्याचं आहे. गोचिडांसाठी दुसरं औषध डॉक्टर देतील. कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर तेही सांगा. घरातल्या माणसाच्या झोपेच्या गोळीचा तुकडा कधीही देऊ नका. नुसती गुंगी आणणाऱ्या औषधाने कुत्रं हलेनासं होतं, आत घाबरलेलंच राहू शकतं.

इथे थांबा आणि डॉक्टरांना गाठा

पुढचं काही दिसलं तर सराव, प्रयोग, उसनी कुत्री सगळं बाजूला ठेवा.

पंजातून किंवा हिरड्यांतून रक्त, तुटलेलं नख, तुटलेला दात. गॅलरीतून किंवा खिडकीतून उडी मारायचा प्रयत्न. वरच्या मजल्यावर राहत असाल तर त्याच दिवशी जाळी लावा आणि त्याच दिवशी फोन करा. पंजा किंवा शेपूट चावून जखम करणं. तुम्ही परतल्यावरही धाप न थांबणं, हिरड्या गडद लाल दिसणं, तोल जाणं, उलटी: उन्हाळ्यात हा उष्माघात असू शकतो. साध्या पाण्याने अंग ओलं करा, पंखा लावा आणि वाट न बघता दवाखान्यात न्या. निघताना अडवलं म्हणून गुरगुरणं किंवा चावणं. म्हाताऱ्या कुत्र्यात अचानक सुरुवात.

यातलं काही नसूनही महिनाभराच्या नेमाने केलेल्या सरावानंतर रेकॉर्डिंग जसंच्या तसं असेल, तरीही मदत घ्या. वर्तनाचं शिक्षण घेतलेले पशुवैद्य व्हिडिओ कॉलवरही बघतात, आणि या त्रासात तर ते सोयीचंच, कारण त्यांना बघायचं असतं ते तुमच्या रिकाम्या घरातलं कुत्रं. मार, झटका किंवा "मालक कोण ते दाखवून देतो" असं बोलणारा ट्रेनर आला तर नम्रपणे परत पाठवा.

आणि दुसरं आणायचंच असेल तर

दुसरं कुत्रं तुम्हाला त्याच्यासाठी म्हणून हवं असेल, पहिल्याचा इलाज म्हणून नव्हे, तर जरूर आणा. पहिलं निदान एक दुपार शांत काढायला लागेपर्यंत मात्र थांबा. घाबरलेल्या कुत्र्याजवळ आलेलं पिल्लू घाबरणंच शिकतं. लस, गोचिडांचं औषध, महापालिकेची नोंदणी, उन्हाळ्यात गावाला जाताना ठेवायची सोय, हे सगळं दुप्पट होणार आहे. घरच्या सगळ्यांशी आधी बोला.

पिल्लापेक्षा शांत स्वभावाचं मोठं कुत्रं बरं, आणि थेट दत्तक घेण्याऐवजी संस्थेकडून काही आठवडे सांभाळायला घेता आलं तर फारच चांगलं. लसीकरण पक्कं नसेल तर पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, पार्व्हो हा कुत्र्यांचा जीवघेणा संसर्ग आपल्याकडे पावसाळ्यातच नाही, वर्षभर आहे. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत. फिरायला रोज एकदा तरी वेगवेगळं न्या: एक माणूस एकाला घेऊन खाली, दुसरं घरात. आधी पाच मिनिटं, मग कोपऱ्यापर्यंत, मग पूर्ण फेरी. दोघांनाही एकमेकांशिवाय घरात थांबता आलं पाहिजे, आणि ते पहिल्या आठवड्यापासून शिकवलं तर सोपं जातं.